मोगऱ्याची उदबत्ती

शेजाऱ्यांनी आज मोगऱ्याची उदबत्ती लावली आणि माझं डोकंच सणकलं.

फार वर्षांपूर्वी कात्रजला जुनी फोर-बाय-फोर जीप बघायला गेलो, तेव्हा तिच्यात हाच वास दरवळत होता. आमच्याकडच्या खड्ड्यांतून बाबांना डायलिसिसला न्यायला भरवशाची गाडी हवी होती. "अहो, रोज पूजा करतो आम्ही हिची," मालक म्हणाला. ते ऐकून बाबा चपला काढून अनवाणी आत बसले.

जीप घेतली आणि आठवड्याभरात ती भर रस्त्यात बंद पडली, बाबा आत असताना. पायाखालचं मॅटिंग उचललं, तर खाली गाळ. गाडी आधी कधीतरी पुराच्या पाण्यात बुडालेली होती आणि उदबत्ती तो कुबट वास झाकायला होती.

फसवलं, तेही एक वेळ सोडलं असतं. पण बाबा चपला काढत होते, तेव्हा तो हलकट समोर हात जोडून उभा होता.