किशोर आधी बोलला की…

पत्रकारांचे किस्से बातमीच्या उरलेल्या ओळींसारखे असतात. छापत कुणी नाही, साठत मात्र जातात. आमचे साठले पोकरच्या टेबलावर. दर रविवारी पिपरी मेघे गावात, भास्कररावांच्या घरी. प्रत्येकाला दोन-दोन पत्ते; डावावर पैसे नाहीत, चिंचोके! ज्याचे आधी संपतील त्याने सोमवारचा कंटाळवाणा कार्यक्रम कव्हर करायचा. जातो एक, बातमी सगळ्यांच्या पेपरात. तिथे प्रश्न विचारायची मनाई नाही, पण स्तुती लिहावी लागते. माझ्यासारख्याला फाशीच ती!

*

देवळीचा आमचा वार्ताहर किशोर मुखदुर्बळ माणूस. एकदा पहिली पाळी त्याची होती. मागे तिघं बोलायचे बाकी, तरी चिंचोके पुढे सारत म्हणाला, "वाढवतो." माझ्याकडे एक्का-दश्शी. मीही तेवढेच लावून भिडलो. त्याच्याकडे निघाले एक्का-राजा! दुसऱ्या दिवशी मी एका भूमिपूजनाला.

भास्करराव, निवृत्त उपसंपादक, म्हणाले, "एक्का दिसला की तुमचा अग्रलेखच सुरू होते! अहो, सगळ्यांच्या आधी जो वाढवते, त्याच्याजवळ माल असते. आपण पत्ते टाकाव."

*

पुढच्या रविवारी किशोरने पुन्हा सगळ्यांच्या आधी वाढवलं. भास्करराव म्हणाले, टाका. मी चिडलो. "म्हणजे शरण जायचं? उभी हयात सत्तेपुढे वाकलो नाही मी!"

"किशोरजवळ सत्ता कुठली, भाऊ?" मंदाताई म्हणाली. ती दुसऱ्या पेपरची. "दोन राजे असतील फक्त." मी तरीही भिडलो.

होते!

*

मग मी धडा जरा जास्तच गिरवला. कुणीही वाढवलं की पत्ते टाकू लागलो. एकदा दोघांनी टाकल्यावर मंदाताईने वाढवलं. मीही टाकले. तिने हसत दाखवली दुर्री-सत्ती, सगळ्यांत फालतू पत्ते!

"मी मागून बोलली, भाऊ. दोघं गेल्यावरचं खोटं लय स्वस्त असते."

हे मला प्रेस कॉन्फरन्समध्ये तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

*

मागच्या महिन्यात एका नेत्याचा वाढदिवस सोमवारी आला. त्याच्या अर्धवट पुलाबद्दल मी कित्येक वर्षं विचारतोय; तो उत्तर देत नाही. रविवारी माझे आणि मंदाताईचे चिंचोके मूठभरच उरले होते. हरलो तर त्याचं गुणगान माझ्या हातून!

मला दोन गुलाम आले. पहिली पाळी किशोरची. "वाढवतो."

गुलामांची जोडी वाईट नव्हे. पण इतक्या आधी किशोर काय घेऊन बोलेल? माझ्याहून मोठंच काहीतरी. बराच वेळ पत्ते धरून बसलो आणि टाकले.

"बरं वाटून नाई राह्यलं का तुम्हाले?" भास्कररावांनी विचारलं.

मंदाताईने दोन दश्श्यांवर सगळे चिंचोके लावले. किशोरने दोन राण्या मांडल्या.

"जाते बापा," ताई उठली.

सोमवारी सभागृहात ती पुढच्या रांगेत वही उघडून बसली होती. मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो. मंचावरून नेत्याने मला पाहिलं; हार गळ्यात पडता पडता थांबला.

"काऊन आले, भाऊ?" ती कुजबुजली. "काल तर पत्ते टाकले ना तुम्ही!"

"ते किशोरसमोर," म्हटलं, आणि हात वर केला.