दुसरा शब्द

आज सकाळी देवासच्या आमच्या गल्लीत सुऱ्यांना धार लावणारा आला होता. सायकल उभी करून तो पायडल मारत दगड फिरवतो, त्यावर पातं टेकवतो आणि ठिणग्यांबरोबर तापल्या लोखंडाचा कडवट वास गल्लीभर पसरतो. मुलीनं स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणून दिली. म्हणाली, "बाबा, ही पण द्या ना, एकदम डल झाली आहे." सुरी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. डल हा शब्द कुठेही कानावर पडला की मला धार गावातलं मामांचं जेवणघर दिसतं. गेल्या वैशाखापासून तर त्या जेवणघराशेजारी एक खाटही दिसते, आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

मी आकड्यांत रमणारा माणूस आहे. पाच म्हणजे पाच. तो कोणाच्या घरी साडेचार होत नाही की सणासुदीला सहा होत नाही. शब्दांचं तसं नसतं, म्हणून मला त्यांची पहिल्यापासून थोडी धास्तीच वाटत आली. मामांना मात्र शब्दांचं हेच फिरणं आवडे. ते कॉलेजात इंग्रजी शिकवत. सुट्टीत आम्ही भाचरं देवासहून गेलो की दुपारच्या पंगतीत त्यांचा एक रिवाज पाळावा लागे. आमरसाचं पातेलं त्यांच्या पाटाशी असे. ते एक इंग्रजी शब्द टाकत आणि ज्यानं त्यानं त्याला दुसरा शब्द द्यायचा. मराठी चाले, हिंदी चाले, पण आधी कोणी सांगितलेला चालत नसे. शब्द आला की वाटीत रस पडे. नाही आला की पळी वाटीवर तशीच थांबे, आणि मामा अगदी गोड आवाजात म्हणत, "बोला, बोला. रस खोळंबला आहे."

एका दुपारी शब्द आला, डल. आमचे शब्द लवकर संपले, मग मामा स्वतःच सांगू लागले. सुरी डल असेल तर बोथट. रंग डल असेल तर फिका, दिवा मिणमिणता, आभाळ मळभलेलं. बाजार डल म्हणजे मंदी. पोरगं डल म्हणजे मठ्ठ. दुखणं डल म्हणजे ठसठस, जी ओरडू देत नाही आणि झोपूही देत नाही. संत्रं सोलून एकेक फोड हातावर ठेवावी तसा तो शब्द ते सोलत होते, आणि खरं सांगायचं तर ऐकायला फार छान वाटत होतं.

तेवढ्यात मामी गरम पोळी घेऊन आली. मामी खातेगांवची, शेतीवाडीच्या घरातली, हिंदी शाळेत शिकलेली, रंगानं सावळी. मामा म्हणाले, "ही बघा, आपली चालती-बोलती डिक्शनरी आली. रंगानं डल, आवाजानं डल, डोक्यानं डल. सगळे अर्थ एकाच माणसात! धारमध्ये इतकी वर्षं काढली, पण बोथट ती बोथटच." पंगत हसली. "सांग की तूही एक दुसरा शब्द."

"मला नाही येत," मामी म्हणाली.

"वा! हेच तर उत्तर. पूर्ण गुण!"

पंगत पुन्हा हसली. मामीनं त्यांच्या ताटात पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि ती आत गेली. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या वाटीत रस पडला की नाही, कोणी पाहिलं नाही.

हे एका दुपारचं नव्हतं. लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर, पुढे सुनेच्या माहेरच्यांसमोरही हेच चाले. शब्द बदलत, माणूस तोच. मामांनी तिच्यावर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. लोक घरी जाताना म्हणत, काय शब्दसंपत्ती आहे या माणसाची!

गेल्या थंडीत मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज पुरती शाबूत राहिली. इंदूरच्या डॉक्टरांनी मामीला बजावलं की लाड करू नका. जी वस्तू हवी तिचं नाव त्यांच्याच तोंडून येऊ द्या, मगच ती हातात द्या. सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं, पुढे कठीण.

वैशाखात बंगळूरहून मामेभावाचा फोन आला. "दादा, तू एकदा धारला जाऊन ये ना यार. शेजारच्या आंटी बोलत होत्या, आई बाबांना पाण्यासाठी तरसवते. सच असेल तर मी बाबांना इकडे आणतो, एखाद्या सेंटरमध्ये ठेवतो. तू हिशेबाचा माणूस, वाढवून सांगणार नाहीस."

म्हणजे मामांनी कुठे राहायचं ते माझ्या सांगण्यावर ठरणार होतं. मी गेलो आणि घरात पाऊल टाकल्यापासून नजर बारीक ठेवली. चादर पांढरीशुभ्र, नखं कापलेली, दाढी केलेली. पाठीला एक जखम नाही. औषधं वेळेवर. परक्या बाईनं पगार घेऊनही असं केलं नसतं. मामांचे चार-सहा शब्द परत आले होते, आणि डॉक्टर खूश होते. मला कुठे बोट ठेवायला जागा सापडेना.

मग मामांनी डाव्या हातानं माठाकडे खूण केली. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. मामीनं ग्लास भरला, खाटेशी स्टूल ओढून बसली आणि ग्लास त्यांच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर धरला.

"काय आहे हे? म्हणा."

ओठ हलले. मानेच्या शिरा ताठल्या. बऱ्याच वेळानं आवाज आला, "पा... पाणी."

"शाब्बास. दुसरा शब्द?"

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. मामांचे डोळे ग्लासावर होते. "ज... जल."

"छान. अजून एक."

"मामी, बोलले ना ते," मी म्हणालो. "पुरे आता."

"पुरे कसं रे? एवढे विद्वान माणूस. दोन शब्दांवर थांबतील?" ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "तू मध्ये पडू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, लाड नाही करायचे."

तिसरा शब्द आला नाही. मामांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. मग मामीनं एक हात त्यांच्या मानेखाली घातला, घोट घोट करून सगळा ग्लास पाजला, एक थेंब सांडू दिला नाही. पदरानं त्यांचा गाल टिपला. पदराचं ते ओलं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि मघाच्याच आवाजात म्हणाली, "आणि हे? याला काय म्हणतात?"

माझा फोन वाजला. मामेभाऊ होता. "काय दादा, खरंय का?"

ती दोघं माझ्याकडे पाहत होती. छळ म्हणालो तर मामा बंगळूरच्या एखाद्या सेंटरमध्ये जाणार होते, जिथे सगळे परके, आणि पाणीही न बोलता मिळेल. सेवा म्हणालो तर ते इथेच राहणार होते. दोन्ही शब्द खरे होते. त्या एका गोष्टीला ते दोन्ही शब्द चपखल बसत होते, आणि मला त्यांतला एकच उच्चारायचा होता.

"सेवा चांगली चालली आहे," मी म्हणालो. "डॉक्टर सांगतात तसंच सगळं."

मामांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर दोनदा जाऊन आलो. मामा आता आणखी बरेच शब्द बोलतात. भेटायला येणारी माणसं मामीचं फार कौतुक करतात, आणि ते खोटं नसतं. जन्मभर जमवलेल्या शब्दांतले आणखी किती परत येतील कोण जाणे. अर्थ मात्र एकही हरवलेला नाही. ते सगळे मामांच्या डोळ्यांत जागे असतात. समोर स्टुलावर मामी ग्लास धरून बसलेली असते, आणि तिला कसलीच घाई नसते.