हमिदाबीनं ट्यूब काढली

परतवाड्याच्या बसस्थानकामागे हमिदाबीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. काम ती बापाकडून शिकली होती. तिचा नवरा साजिद समोरच्या खुशालरावांच्या दुकानात ट्रकचे टायर बसवायचा. तिथंच एकदा हवा भरताना चाकाची लोखंडी रिंग सुटून त्याच्या छातीवर आदळली आणि तो गेला. तो आवाज हमिदाबीनं आपल्या दुकानातून ऐकला. तेव्हापासून ती कंप्रेसरच्या जवळ गेली नव्हती. हवा भरायची ती हातपंपानंच.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. खेड्यांतली माणसं कामासाठी सुरत, पुण्याकडं निघून गेली होती आणि दुरुस्तीला सायकली येईनाशा झाल्या होत्या. अशात माया आली. ती मेळघाटात वनरक्षक होती. गस्तीसाठी एका संस्थेनं तिला जाड टायरची, गिअरची सायकल दिली होती.

"चाची, याची ट्यूबच काढून टाका," माया म्हणाली.

आठवड्यापूर्वी सेमाडोहच्या वर बाभळीच्या काट्यानं तिचं चाक बसलं होतं. चाक खोलून ती ठिगळ लावत असताना पंधरा पावलांवर झुडपातून अस्वल निघालं. पळायची सोय नव्हती. ती तशीच श्वास धरून बसली. अस्वल हुंगून निघून गेलं, पण तेव्हापासून त्या वाटेनं जाताना तिचे हातपाय गार पडत. ट्यूब नसलेल्या टायरात दुधासारखं औषध घालतात, काटा रुतला की तेच भोक बुजवतं, असं तिला कळलं होतं. तिनं नागपूरहून सामान आणलं होतं. मोबाइलवर कृतीही दाखवली.

हमिदाबीनं रिमवर पट्टी ओढून चिकटवली, नवा वॉल्व्ह बसवला, टायर चढवून औषध ओतलं आणि पंप मारायला घेतला. खांदे भरून आले, पण हवा कडेनं निघून जाई. टायर रिमला धरायला एकदम जोराची हवा लागते, आणि ती कंप्रेसरशिवाय मिळत नाही, हे तिला समजलं तेव्हा तिनं पंप खाली ठेवला.

चाकं समोरच्या दुकानातल्या कंप्रेसरकडं नेल्यावर खुशालरावांनी स्वतः हवा भरतो म्हटलं.

"नाही," हमिदाबी म्हणाली. "टायर म्या बसवला. काही झालं तर तुमच्या हातून नको."

तिनं मायाला रस्त्यापलीकडं उभं केलं, तोंड फिरवलं आणि नळी दाबली. टायर फुगला, करकरला. मग बंदुकीसारखा आवाज झाला. हमिदाबी मटकन खाली बसली. आपल्याला लागलं की नाही हेच तिला कळेना. ती छाती चाचपत होती. खुशालरावांनी चाक उचलून दाखवलं. टायर रिमवर घट्ट बसला होता, त्याची कड रिमच्या खोबणीत बसल्याचाच तो आवाज होता. मागचं चाकही तिनं तसंच भरलं, तेव्हा तर डोळे उघडायचीच हिंमत झाली नाही.

मग तिनं पकडीनं टायरात काटा खुपसला. फस्स करून पांढरे थेंब उडाले आणि थांबले.

माया गेली आणि हमिदाबीचं भय वाढलं. घाटाच्या उतारावर टायर सुटला तर? पोरीची आई आपल्याला काय म्हणेल? बसमधून उतरलेलं कुणी घाटातल्या अपघाताचं बोललं की तिच्या हातातला पाना थांबायचा.

नवव्या दिवशी माया आली. टायरात तीन काटे मोडलेले होते आणि हवा कायम होती.

"भेव गेलं का तुयं?" हमिदाबीनं विचारलं.

"नाही चाची. उतारावर सारं ध्यान चाकाकडंच राहाते. पण जंगलात ठिगळ लावाले खाली बसा लागलं नाही."

पुढच्या महिन्यात मायाच्या सोबत्यांच्या पाच सायकली आल्या. दोघांचे रिम जुने होते, त्यावर टायर धरेना. हमिदाबीनं त्यात परत ट्यूब घातल्या आणि हे होणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. उरलेल्या तीन तिनं कानात कापूस घालून, खुशालरावांना दहा हात लांब थांबवून, स्वतःच भरल्या.