छत्तिसावा क्षण

सेइलखाननं तीस वर्षांत तराज शहरातल्या निम्म्या आयांना दोन-दोनदा रडवलं होतं. पहिल्यांदा त्या आपापल्या मुलीसाठी रडायच्या, दुसऱ्यांदा सेइलखानसाठी. ‘‘आपा, मघाशी उजेड पाठीमागून येत होता,’’ असं तो इतक्या अदबीनं सांगायचा, की ती माउली रुमाल उघडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

लग्नाचं शूटिंग हा त्याचा धंदा, आणि यादी हा त्याचा धर्म. चार दिवस आधी मुलीच्या घरी चहाला बसून तो वहीत अडतीस क्षण लिहून काढायचा. सातवा, व्याह्यांसमोर मेंढीचं डोकं ठेवतात तो. अकरावा, बायका नवऱ्या मुलावर मिठाई उधळतात तो. त्यापुढचे बरेचसे पाहुण्यांच्या टेबलांचे. एकही चेहरा सुटता कामा नये. कारण तराजमध्ये लग्नाची फिल्म कोणी नवरा-नवरीसाठी बघत नाही. कोण आलं, कोण कुठं बसलं, कोणाच्या ताटात कुठलं हाड पडलं, हे बघायला बघतात. फिल्ममध्ये नाही तो लग्नाला नव्हताच. मग त्यानं भेट म्हणून गालिचा आणलेला असो की घोडा.

अडतिसावा क्षण पाठवणीचा. मुलीनं उंबरा ओलांडला की मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर म्हणे ती माहेरी परत येते. एका कॅमेरावाल्यानं मागून ‘‘इकडं बघ गं’’ म्हणून हाक मारली होती, त्याला त्या गल्लीत अजून कोणी चहा विचारत नाही. म्हणून सेइलखान मुलीच्या पुढं राहायचा, तिच्याकडं तोंड करून गाडीपर्यंत उलटा चालायचा. कोणाच्या दारात पायरी आहे, कोणाच्या दारात पाण्याचा पाट आहे, हे तो आदल्या दिवशी पावलं मोजून ठेवायचा. उलटं चालण्यात अख्ख्या शहरात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता.

आणि मग त्याच्या स्वतःच्या मुलीचं, अकबोपेचं लग्न ठरलं.

‘‘त्या दाउलेतला सांगा शूटिंग,’’ त्याची बायको शारबान म्हणाली. ‘‘एक दिवस बापासारखे उभे राहा.’’

‘‘दाउलेत? तो आकाशात कॅमेऱ्याची माशी सोडतो. वरून बघितलं तर लग्नात नुसती टकलं दिसतात.’’

अकबोपे वही चाळत होती. पस्तीसनंतर एकदम सदतीस होता. मधली ओळ खोडलेली.

‘‘आके, छत्तीस कुठाय?’’ तिनं बापाला विचारलं.

छत्तिसावा क्षण म्हणजे बापाचे डोळे. तो नेहमी बाजूनं घ्यायचा असतो, कारण समोरून घेतला की रडू लपवायला बाप खोकतात.

‘‘छत्तीसला बाप लागतो,’’ सेइलखान म्हणाला. ‘‘बाप कॅमेऱ्यामागं असणार.’’

‘‘मग सासरची माणसं म्हणतील, हिला बापच नाही.’’

‘‘व्याही भेटलेत मला. मटण खाऊन गेलेत.’’

‘‘सगळ्यांच्या पोरींचे बाप फिल्ममध्ये आहेत, आके. तुम्हीच घातलेत. मला तुम्ही त्यात हवे आहात. बाकी कोणी नसलं तरी चालेल.’’

‘‘बघू,’’ तो म्हणाला. सेइलखानचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे त्या घरात मांजरालाही ठाऊक होतं.

लग्नाच्या दिवशी यादी घड्याळासारखी चालली. मेंढीचं डोकं, मिठाई, एकवीस टेबलं. शारबान चहाचा पेला हातात घेऊन उभी असताना तिला एकदम भरून आलं, आणि सवयीनं सेइलखानच्या तोंडून गेलं, ‘‘अगं, जरा पुन्हा. उजेड...’’

‘‘पुन्हा? मी काय नळ आहे?’’ तिनं पेला आदळला. ‘‘पोरगी चाललीय माझी! तुमची कोण आहे?’’

हे सगळं फिल्ममध्ये आहे. पाहुणे तेवढा भाग दोनदा बघतात.

दुपार कलली तसा अडतिसावा क्षण आला. नवरीची हातभर उंच टोपी सावरत अकबोपेनं उंबरा ओलांडला. मागं सगळं माहेर उभं. तिला त्यातलं एकही माणूस दिसणार नव्हतं. समोर फक्त कॅमेरा, आणि त्यामागं बाप. सेइलखान उलटा चालू लागला. तीस वर्षांत त्यानं शेकडो मुली अशा समोरून येताना बघितल्या होत्या, पण त्यातली एकही अशी त्याच्याकडं बघत नव्हती. ती डावीकडं सरकली, तसा तोही सरकला. दुसऱ्यांच्या दारातले पाट मोजणाऱ्या माणसानं आपल्या दारातला काय मोजायचा? रोजचाच तो.

सेइलखान पाटात गेला. गुडघाभर पाणी, त्यात तो बसलेला. कॅमेरा काठावर आडवा पडला आणि इमानदारीनं चालूच राहिला.

‘‘वळू नकोस गं!’’ नवऱ्या मुलाची आत्या ओरडली.

‘‘वळतेय कुठं? आके समोरच आहेत!’’ म्हणत अकबोपे टोपीसकट पाटाकाठी बसली.

फिल्ममध्ये पुढची दोन मिनिटं गाडीचं एक चाक, तिच्या झग्याची किनार आणि काठावर टेकलेले दोन ओले बूट आहेत. आवाज मात्र स्वच्छ आहे.

‘‘लागलं का?’’

‘‘कॅमेरा...’’

‘‘आके!’’

‘‘नाही लागलं. तू जा. सरळ जा.’’

मग कोणीतरी खोकतं. खूप वेळ खोकतं.

तेवढा भाग कापायचा म्हणून सेइलखान आठवडाभर अडून बसला होता. शारबाननं हात लावू दिला नाही. आता कोणी पाहुणा ‘‘बाप दिसत नाही कुठं’’ म्हणाला, की ती तिथं फिल्म थांबवते, पडद्यावर बोट ठेवते. ‘‘हे काय, हे बूट.’’

राहता राहिली गल्लीतली कुजबुज. गाडी उजवीकडं उभी होती, हे सगळ्यांनी पाहिलं. लहानपणापासून रोज तो पाट उडी मारून ओलांडणारी पोरगी मग डावीकडं कशाला सरकली? तिला विचारलं तर म्हणते, ‘‘टोपी जड होती,’’ आणि हसू दाबायला चहाचा पेला तोंडाशी नेते.

आणि त्या वहीत खोडलेल्या छत्तीसपुढं सेइलखाननं मागाहून बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: ‘झाला. उजेड बरा होता.’