चाओफेनचा दुसरा फटका

चीनमधल्या आमच्या चोंगछिंगच्या स्टेशनातून शहरात जायचं तर छाती फुटेपर्यंत जिने चढायचे. पुढे डोंगरावर नेणारा सरकता जिना झाला, तरी बोचकी उचलायला कावडीवालेच लागत. मी बाहेर पडण्याच्या दाराशी तिखट नूडल्स विकायचे, त्यामुळे सगळी मारामारी माझ्याच पातेल्यासमोर व्हायची. तीनदा माझं पातेलं लवंडलं, एकाने तरी भरपाई दिली असेल तर शपथ.

कावडीवाल्यांचा कायदा एकच. ज्याची कावड सामानाला आधी टेकली, त्याचं ओझं. मग तिथे देव आला तरी त्याने बाजूला व्हायचं. पण चाकांच्या बॅगा निघाल्या आणि ओझी आटली. माणसं तेवढीच राहिली. मग आधी शिव्या, मग बुक्क्या, मग थेट बांबू. थान नावाचा रेड्यासारखा गडी तर दुसऱ्याची टेकलेली कावड लाथेने उडवायचा. चंगफा नावाच्या कावडीवाल्याने त्याला एकदा अडवलं, तर त्याने चंगफाला जिन्यावरून ढकललं. गुडघ्याचा चुरा झाला.

दुसऱ्या आठवड्यात चंगफाची बायको मू चाओफेन त्याची कावड घेऊन दाराशी उभी राहिली. लहानखुरी, तोंडाने फटकळ.

"वहिनी, घरी जाऊन भात शिजव," थान म्हणाला.

"तांदूळ तुझा बाप देणार का?" ती म्हणाली.

मला ती तिथल्या तिथे आवडली. तिच्या घरातल्या तीन माणसांचं पोट त्या दारातल्या हातभर जागेवर होतं. ती जागा गेली की सगळंच गेलं.

वसंतोत्सवाआधीची, नव्या वर्षाला गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. भोंगा कोकलत होता, गरम पाण्याच्या नळावर लोक एकमेकांचे डबे हिसकावत होते. एक व्यापारी मिरच्यांची दोन पोती घेऊन बाहेर आला. चाओफेनची कावड आधी टेकली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. थानने ती लाथेने उडवली आणि उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारली. तिचा दात माझ्या मोरीपाशी पडला.

तिने कावड उचलली आणि त्याच्या पोटऱ्यांवर हाणली. तो गुडघ्यांवर आला. इथे भांडण संपलं होतं. पण ती त्याच्या मागे गेली, नीट पाय रोवले आणि मानेजवळचं हाड बघून दुसरा फटका घातला. आवाज माझ्यापर्यंत आला. कावडीवाल्याचं ते हाड मोडलं की माणूस जिवंत राहतो, कावडीवाला राहत नाही. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

पोलिसाने विचारलं, तेव्हा सगळे म्हणाले, जिन्यावरून पडला. मीही तेच सांगितलं, आणि आजही सांगेन. त्या मेल्याची मला मुळीच दया आली नाही.

सण सरला आणि एका सकाळी थानची बायको शूझेन कावड घेऊन आली. धरायची कशी तेही तिला माहीत नव्हतं. पुरुष फिदीफिदी हसले. एका म्हातारीच्या टोपल्यांना चाओफेनची कावड आधी टेकली, शूझेनची मागून. शूझेनने काही विचारलं नाही. बांबू फिरवला आणि चाओफेनच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा, मग मोजायचंच सोडलं. चाओफेन फरशीवर पालथी पडली, तरी ती मारतच होती. चौघे कावडीवाले शूझेनच्या अंगावर धावले.

"हात लावाल तर याद राखा!" चाओफेन खालून ओरडली. "ओझं तिचं आहे."

शूझेन धापा टाकत टोपल्या अडकवू लागली. ओझ्यासकट तिला उठताच येईना.

"खांद्याच्या टोकावर घेऊ नकोस गं," चाओफेन म्हणाली. "मानेजवळ घे."

शूझेन तिच्या तोंडावर थुंकली. मग कावड मानेजवळ सरकवली, उठली आणि म्हातारीला पुढे घालून जिना चढू लागली.

मी ओला फडका दिला. चाओफेनने तोंड पुसलं.

"मूर्ख आहेस!" मी कडाडले. "हिला शिकवलंस, आता उद्या तू कुठे उभी राहणार?"

"मालधक्क्यावर बघते, ल्याओताई. हे दार आता तिचं."

मालधक्क्यावर बायकांना कोणी घेत नसे. तिलाही घेतलं नाही.