मेलेले राक्षस उठा

पार्किंगमध्ये पताकांची एक दोरी अजून तशीच लटकते आहे. वाऱ्यानं ती फडफडली की मला सोसायटीतला तो पुराणकथांचा बालमेळा आठवतो.

कागदी ताटल्यांचे मुखवटे आम्ही बायकांनीच रंगवले होते. राक्षस व्हायला एकही पोर तयार होईना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. शेवटी देव-दानवांचं युद्ध झालं आणि ठरल्याप्रमाणे सगळे राक्षस फरशीवर मरून पडले. इकडे इडल्या गार होत होत्या. मी माईकवरून ओरडले, "चला, मेलेले राक्षस उठा! खाऊ घ्या!"

कपडे झटकत, खिदळत सगळे उठले. तिसऱ्या मजल्यावरची छोटी ईरा मात्र मुखवटा डोक्यावर सरकवून माझ्यापाशी आली.

"काकू, हाक मारली की मेलेले उठतात?"

"खेळात गं, बाळा."

"बाबांना गेटमधून नेलं तेव्हा सगळे नुसते रडत होते. हाक कुणी मारलीच नाही."

माझ्या हातातला माईक चालूच होता. तिचं बोलणं पार्किंगभर ऐकू गेलं.

खरंच, गेलेल्या माणसाचं नाव आपण किती हळू घेतो. हाक मारायची तर छातीच होत नाही.

आता मुलं रोज संध्याकाळी तोच खेळ खेळतात. खेळ संपला की ईरा गेटकडे तोंड करून एकदा मोठ्यानं ओरडते, "उठा!"

आणि बाकांवर बसलेल्या आम्ही सगळ्याजणी, बोलणं तोडून, गेटकडे बघतो.