अंतराळवीराचा भाकरतुकडा

शूटिंगवाले जाऊन किती दिवस झाले, पण तोंडवलीत चार बायका मासळी साफ करायला बसल्या की त्यांचा एखादा किस्सा निघतोच. मी तर शेजारीण, माझ्याकडे टोपलीभर!

टीव्हीसाठीचा सिनेमा होता, अंतराळात जाऊन आलेल्या माणसाचा. वर जाणं पाच मिनिटांत उरकलं. बाकी सगळं, परत आल्यावर त्याचं घरात मन कसं लागत नाही, ते. त्याचं गावचं घर म्हणून त्यांनी आमच्या सुलभाचं घर निवडलं. म्हटलं, बरोबर दारात आलात!

सुलभाचा नवरा दत्ताराम दीड वर्ष त्या घरात शिरला नव्हता. होडी उलटली, हा फळी धरून तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. धाकटा भाऊ पांडू मिळालाच नाही. संकटातून आलेल्या माणसावरून दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मगच आत घेतात. ते राहिलं बाजूला, सगळ्यांनी विचारलं, "पांडू खंय?" पहिली मीच. तेव्हापासून त्याचं जेवण-झोप पडवीत.

*

यान प्लायवूडचं, वर चंदेरी कागद. दुपारी बघतात तर माझ्या जावेने त्यावर बांगडे सुकत घातलेले! डायरेक्टर ओरडला.

ती म्हणाली, "वर जावन इला मां? आता जरा कामाक येवंदे!"

*

हिरो यानातून उतरून ताठ चालायला लागला. पडवीतून दत्ताराम म्हणाला, "असो कोण चलना नाय. माणूस आधी येता, पाय मागसून येतत."

डायरेक्टरने त्यालाच चालून दाखवायला लावलं. दारापुढच्या खळ्यात तो चार पावलं लटपटत चालला. युनिटने टाळ्या वाजवल्या! सुलभा आत निघून गेली.

*

बायको विचारते, "वर काय दिसलं?" आणि हिरोने नुसतं गप्प बसायचं, असा सीन. हिरो वैतागला. "सर, एखादी लाइन द्या. किती वेळ गप्प बसू?"

चहा देता देता सुलभा म्हणाली, "आमचो दीड वर्स बसलो आसा."

*

मला कुठला धीर! एकदा दत्तारामला विचारलंच, "तू भितर कित्याक जाणस नाय?"

"वैनी, भितर गेलंय तर तुमी परत ताच इचारशात, पांडू खंय?"



*

शेवटी हिरोच्या घरी येण्याचा सीन. भाकरतुकडा ओवाळायला, रीत माहीत म्हणून, सुलभालाच उभं केलं. सहा रिटेक झाले. कधी हिरो हसला, कधी कोंबडी मध्ये आली!

सातव्याला "ॲक्शन" म्हटलं आणि सुलभा हिरोच्या अंगावरून सरळ पुढे गेली. पडवीत दत्तारामसमोर उभी राहिली. "येवा," म्हणाली.

तो उठला. उंबरठ्यापर्यंत आला. तिने तुकडा उचलला तसा त्याने तिचा हात धरला आणि एक माणूस मावेल एवढा बाजूला सरला.

"आधी पांडग्यावरसून ओवाळ, गो."

सुलभाने त्या मोकळ्या जागेवरून तुकडा ओवाळला, लांब टाकला. मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.